शिक्का, सही, स्कॅन, अपलोड

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. दिव्यांगांसाठी एवढा मोठा सोहळा गोव्याने करून दाखवला याचा मला अभिमानच आहे. पण सोहळा संपतो आणि पोरं परत कॉलेजात जातात. तिथल्या वेबसाइटवर त्यांचं काय होतं?

आमच्या डिचोलीतला एक दृष्टिहीन मुलगा पदवीला आहे. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए वापरतो. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. परवा परीक्षेचं वेळापत्रक लागलं. त्याने पीडीएफ उघडली आणि कॉम्प्युटर बोलला, 'एम्प्टी डॉक्युमेंट'. आपल्याला दोन पानं भरून तक्ता दिसतो, त्याला कोरा कागद. मग फॉर्म उघडला. रकान्यांना नावंच जोडलेली नाहीत, त्यामुळे नुसतं 'एडिट, एडिट, एडिट' ऐकू येतं. आईचं नाव कुठे आणि आधार नंबर कुठे, हे त्याने ओळखायचं कसं? शेवटी मित्राला बोलावलं. म्हणजे पासवर्डही मित्राला कळला.

यात मोठं तंत्रज्ञान कुठेच अडलेलं नाही. ऑफिसात नोटीस टाइप होते. तोवर ती उत्तम वाचता येण्याजोगी असते. मग प्रिंट काढतात, साहेबांची सही, शिक्का, आणि तोच कागद तिरका स्कॅन करून अपलोड. मजकुराचा फोटो झाला! मराठी नोटीस असेल तर आणखी एक गंमत: कित्येक ठिकाणी अजून युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट चालतात. पडद्यावर दिसते मराठी, आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. सही-शिक्क्याची प्रत हवी तर खुशाल ठेवा, पण शेजारी टाइप केलेली मूळ फाइल टाकायला कितीसा वेळ लागतो?

त्याऐवजी आपण काय करतो, तर वर कोपऱ्यात 'अ+ अ-' ची बटणं बसवतो आणि साइट 'दिव्यांगस्नेही' झाल्याचं जाहीर करतो. अक्षरं मोठी करायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासून आहे हो.

कायदा नाही असंही नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी म्हणून काय करायचं हे सांगणारं, जगभर मानलं जाणारं डब्ल्यूसीएजी आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारला सुनावलं की कायदा सक्तीचा आणि नियम मात्र नुसत्या शिफारशींसारखे, हे चालणार नाही. 3 महिन्यांत सक्तीचे नियम करा. 30 एप्रिल 2025 च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग धरला.

सक्तीला घाबरणारे म्हणतात, जास्त ताणलं तर कॉलेजं साइटवर काही टाकायचंच बंद करतील. ही भीती अगदीच पोकळ नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या व्याख्यानांना नीट सबटायटल नाहीत अशी कर्णबधिरांची तक्रार झाली, तेव्हा 2017 मध्ये त्यांनी 20,000 हून जास्त रेकॉर्डिंग सरळ लोकांसाठी बंद केली. मला तो रडीचा डाव वाटतो. आणि सुटका झालीच नाही. 2022 मध्ये सरकारशी समझोता करून सुधारणा कबूल कराव्या लागल्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात नोटीस काढणाऱ्या टेबलापासून करा. एलडीसीला, म्हणजे तिथल्या कारकुनाला, अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या: युनिकोडमध्ये टाइप कर, शीर्षकाला शीर्षकाची स्टाइल दे, चित्रात काय आहे ते शब्दांत लिही. साइटचं टेंडर काढाल तेव्हा त्यात अट घाला, की दृष्टिहीन विद्यार्थ्याने स्वतः फॉर्म भरून दाखवल्याशिवाय बिल पास होणार नाही. आणि त्या विद्यार्थ्याला तपासणीचं मानधन द्या, नुसता सत्कार करून शाल-श्रीफळ नको.

प्राचार्य, रजिस्ट्रार मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल तर एक विनंती. दृष्टिहीन विद्यार्थ्याला माउसचा उपयोग नसतो, म्हणून तुम्हीही तो बाजूला ठेवा आणि टॅब कीने पुढे सरकत, फक्त कीबोर्डवर तुमच्याच कॉलेजचा प्रवेश अर्ज भरून बघा. कुठे अडलात ते खाली कमेंटमध्ये लिहा.