चालू वायफायला रात्रीत हात लावायला सांगितलं कोणी?

सकाळी काउंटरवर पहिलं गिऱ्हाईक उभं आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’. काल कामकाज बंद होईपर्यंत हाच प्रिंटर बिनतक्रार बिलं काढत होता. कोणी वायर ओढली नाही, कोणी पासवर्ड बदलला नाही. रात्री तीन वाजता राऊटरनं स्वतःच स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतली मूळ प्रणाली, अपडेट केलं, रीस्टार्ट घेतला आणि कोणाला न विचारता दोन सेटिंग बदलून ठेवली. ‘स्मार्ट कनेक्ट’ चालू करून २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन वायफाय बँडची दोन वेगळी नावं एकाच नावात कोंबली. वर सिक्युरिटी, म्हणजे वायफायचं कुलूप, जुन्या डब्ल्यूपीए२ वरून डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ अशी जुनी-नवी मिश्र करून टाकली.

प्रिंटरवरचा वायफायचा निळा दिवा लुकलुकतोय. तो जुनं नाव शोधतोय, जे आता हवेत कुठेच नाही. त्याच्या पट्टीएवढ्या स्क्रीनवर नवीन नाव निवडायचं तर सोळा अक्षरी पासवर्ड वर-खाली बाणांनी एकेक अक्षर फिरवत टाकायचा. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. समोर लोक ताटकळलेले. आणि एवढं करूनही तो जोडला जाईलच असं नाही, कारण मिश्र सिक्युरिटीत जुनी उपकरणं चालायला हवीत असं कागदावर असलं, तरी कित्येक जुन्या वायफाय चिप त्या दुहेरी सिग्नललाच अडखळतात आणि पासवर्ड बरोबर असून ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणतात. माणूस बिचारा पासवर्डच तपासत बसतो.

मग हेल्पलाइन. राऊटर बंद करून चालू करा. केलं. प्रिंटर बंद करून चालू करा. केलं. मग तो भयंकर सल्ला येतो: प्रिंटर फॅक्टरी रीसेट करा. अहो, बदललं राऊटरमध्ये आणि रीसेट प्रिंटर? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! प्रिंटर रीसेट केला की त्याचा ठरवून दिलेला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) गेला, स्कॅन पाठवायचे ईमेल पत्ते गेले, स्कॅनच्या फोल्डरचा मार्ग गेला. त्यानंही भागलं नाही की म्हणतात, राऊटरच्या मागच्या बारीक भोकात पिन दहा सेकंद दाबून धरा. ती पिन दाबू नका, कृपा करून दाबू नका. इंटरनेट जोडणीचं युजरनेम-पासवर्ड, राखून ठेवलेले आयपी, कॅमेरा बाहेरून दिसावा म्हणून उघडलेले पोर्ट, सगळं दहा सेकंदात पुसलं जातं. ते पुन्हा भरून द्यायला हेल्पलाइनवाला येत नाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे आणि तो एकही माणूस फोनवर सांगत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एकेका उपकरणामागे धावायचंच नाही. संगणक केबलनं राऊटरला जोडा, ब्राउझरमध्ये राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जा, स्मार्ट कनेक्ट बंद करा. २.४ गिगाहर्ट्झला जुनं नाव जसंच्या तसं द्या, लहान-मोठी अक्षरं, डॅश, मोकळी जागा सगळं तंतोतंत. पासवर्डही जुनाच. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२, त्यातला एईएस हा पर्याय. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल १, ६ किंवा ११, या तिघांपैकी आजूबाजूला सर्वात मोकळा असेल तो. सेव्ह. प्रिंटर, कार्ड मशीन, हजेरीचं यंत्र, कॅमेरे, सगळे आपापले परत येतात. त्यांच्या लेखी काही बदललेलंच नसतं. ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या, तिथे लॅपटॉप आणि फोन ठेवा, डब्ल्यूपीए३ हवंच असेल तर तिथे लावा.

एवढं करूनही संगणक ‘ऑफलाइन’च म्हणत असेल तर तो दुसरा घोळ. राऊटर रीस्टार्ट झाला की कोणाला कोणता पत्ता दिला होता हे अनेक राऊटर विसरतात. काल प्रिंटर १९२.१६८.१.२३ वर होता, आज ४१ वर बसलाय, आणि संगणक अजून २३ वरच हाका मारतोय. राऊटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन असतं, तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (कारखान्यातून मिळालेली त्याची ओळख) टाकून आयपी कायमचा बांधून टाका. विंडोजमध्ये प्रिंटरच्या पोर्टमध्ये ‘डब्ल्यूएसडी’ (विंडोजची आपोआप प्रिंटर शोधायची पद्धत) दिसलं तर ते काढून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट करा आणि तोच आयपी द्या. विंडोज आपणहून प्रिंटर शोधतो तेव्हा पुष्कळदा हे डब्ल्यूएसडीच गळ्यात मारतो, आणि ‘काल चालत होता, आज नाही’ यातली बरीच दुखणी तिथली.

आणि पाहुण्यांच्या वायफायवर प्रिंटर जोडून ‘दिसत नाही’ म्हणू नका. गेस्ट नेटवर्क हे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत म्हणूनच असतं. पण हे त्या बॉक्सवर एका ओळीत छापायला काय जातं?

बॉक्सवर छापतात काय, तर ४६ गिगाबिट! वायफाय ७ या नव्या पिढीच्या नावानं मिरवला जाणारा हा आकडा कागदावरचा आहे. त्याला ३२० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल लागतो, तो फक्त ६ गिगाहर्ट्झमध्ये मिळतो, आणि सोळा स्ट्रीम, म्हणजे एकाच वेळी चालणारे डेटाचे सोळा प्रवाह लागतात, जे टेबलावरच्या कोणत्याही लॅपटॉपमध्ये नाहीत. बाकीच्या बॉक्सवर २.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ या तिन्ही बँडचे वेग बेरीज करून एकच आकडा छापतात, जणू एक उपकरण तिन्हीकडून एकदम तेवढं ओढणार आहे. काउंटरवरचा प्रिंटर जुन्या वायफाय ४ चा, एका अँटेनाचा. २० मेगाहर्ट्झवर त्याची जोडणी फार तर ७२ एमबीपीएसची. त्याला ४६ गिगाबिटचा राऊटर देऊन बिल लवकर निघत नाही. बाहेरून येणारी लाइन १०० ची असेल तर इंटरनेट १०० चंच राहणार. ते १०० सुद्धा मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठानं भागा, सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. हे विकताना कोणी सांगत नाही, तक्रार केली की मात्र लगेच सांगतात.

गिगाबिटची लाइन घेऊनही संगणकावर ९४-९५ मेगाबिटच्या पुढे आकडा जात नसेल तर राऊटर बदलायच्या आधी केबल बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. बसवणाऱ्यानं चारच तारा दाबल्या असतील, किंवा दाराच्या फटीत त्या जास्तीच्या चारातली एक तार तुटली असेल, तर जोडणी तक्रार न करता १०० वर उतरते. दिवा तर पेटलेलाच राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. आणि या दोन वीत केबलपायी महागडे राऊटर विकले जातात!

वायरलेस माउस उड्या मारतोय? त्याचा डोंगल (संगणकात खुपसायचा छोटा रिसीव्हर) यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून लावलाय का ते बघा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलवर हातभर लांब न्या, माउस शांत. हे २०१२ मध्ये इंटेलनं स्वतः लिहून ठेवलंय. तरी आजही लॅपटॉपची पोर्टं शेजारी-शेजारी चिकटवलेली असतात.

अपडेट नकोत असं कोणी म्हणत नाही. राऊटरला सुरक्षेची भोकं बुजवणारी अपडेट हवीतच. पण ती कामकाज संपल्यावर, मालकाच्या हातानं आणि आधी सेटिंगचा बॅकअप काढून व्हायला हवीत. तो बॅकअप राऊटरच्या पानावर ‘सिस्टीम’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये मिळतो, एक छोटी फाइल असते, ती संगणकावर ठेवा आणि पेनड्राइव्हवरही. आपोआप अपडेट बंद करा, महिन्यातला एक दिवस ठरवून स्वतः बघा. लाइन देणाऱ्यांनीच राऊटर दिला असेल आणि ते तिकडून परस्पर सेटिंग बदलत असतील, तर तो राऊटर ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसतं मोडेम म्हणून, टाकायला लावा आणि वायफाय स्वतःच्या राऊटरवर चालवा. दोन्ही राऊटर म्हणून चालू ठेवले तर डबल नॅटचा, म्हणजे दोघांनीही पत्ते बदलत बसण्याचा, वेगळा ताप. सुरक्षेचं भोक बुजवताना वायफायच्या नावाला हात लावायची काय गरज होती, याचं उत्तर कोणी द्यायला तयार नाही. आदल्या दिवशी एक मेसेज पाठवता आला असता: अमुक वाजता अपडेट, ही दोन सेटिंग बदलतील. दोन ओळी, बस.

शेवटी अकरा वाजता तो निळा दिवा स्थिर होतो. आणि प्रिंटर भडाभडा कागद ओकायला लागतो, कारण दोन तास प्रत्येकानं वैतागून ‘प्रिंट’ तीन-तीनदा दाबलेलं असतं आणि ते सगळं रांगेत साठलेलं असतं. प्रिंटर जोडायच्या आधी विंडोजची ती रांग उघडून सगळी कामं रद्द करायची असतात. हेही हेल्पलाइनवर कोणी बोललं नाही. आता एकाच नंबरची तीन-तीन बिलं टेबलावर पडली आहेत, त्यातलं एखादं गिऱ्हाईक घेऊनही गेलंय, आणि हिशेब जुळवायला संध्याकाळी उशिरापर्यंत बसायचंय.