वाटाघाटींचा खर्च कोणाच्या खिशातून?

आज मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सुशिक्षित गृहस्थांनी लिहिले की, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आदिवासींशी सरकारच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळतात, कारण 'या लोकांना' त्या संपवायच्याच नसतात. तेव्हापासून माझे डोके फिरले आहे.

तिथल्या निस्गा या आदिवासी लोकांचे पुढारी 1887 मध्ये जमिनीचा प्रश्न घेऊन प्रांताच्या राजधानीला, व्हिक्टोरियाला गेले आणि रिकाम्या हाती परतले. 1927 मध्ये तर अशा दाव्यांसाठी वर्गणी जमवणे किंवा वकील देणे हाच गुन्हा ठरला आणि ते कलम 1951 पर्यंत टिकले. जमिनीच्या हक्कासाठी लढलेल्या कॅल्डर खटल्यात 1973 मध्ये निस्गा तांत्रिक मुद्द्यावर हरले, पण आदिवासींचा जमिनीवर मूळ हक्क असू शकतो हे मानणाऱ्या त्या निकालाने सरकारची झोप उडाली. 1976 मध्ये केंद्र सरकार बोलणीला बसले. प्रांताला यायला 1990 उजाडले. करारावर सह्या 1999 मध्ये झाल्या. आता वेळकाढूपणा कोणी केला, ते सांगावे.

माझ्या आजोबांची जमीन धरणात गेली होती. वाढीव मोबदल्याच्या दाव्यासाठी त्यांनी सावकाराकडून कर्ज काढले. सातबाऱ्याचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते पहाटेची एसटी धरत आणि पुढची तारीख घेऊन संध्याकाळी परत येत. सरकारी वकिलाचा पगार मात्र चालूच असे.

तरीही आजोबांचे बरे होते, असे आता वाटते. त्यांचे कर्ज निदान प्रतिवादीकडून घेतलेले नव्हते. ब्रिटिश कोलंबियात नव्वदच्या दशकात जी करारप्रक्रिया सुरू झाली, तिच्यात वकील आणि तज्ज्ञ नेमण्यासाठी आदिवासी राष्ट्रांना, म्हणजे तिथल्या आदिवासी समूहांना, मिळणारा पैसा बहुतांशी कर्जाऊ होता आणि हे कर्ज देणारे होते समोर बसलेले सरकारच. बोलणी लांबली की कर्ज फुगे आणि अर्ध्यावर उठून जाणेही अवघड होई. ही कर्जे माफ करण्याचा निर्णय 2019 च्या अर्थसंकल्पात आला. याला वाटाघाटी म्हणायचे?

जमिनीची मालकी एकदाची निश्चित व्हावी, असे इतर रहिवाशांना वाटणे गैर नाही, इतके मी मान्य करतो.

पण निस्गांनी काय सोडले, तेही पाहावे. दावा केलेल्या भूमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, सुमारे 2,000 चौरस किलोमीटर जमीन, त्यांनी स्वीकारली आणि करसवलतही टप्प्याटप्प्याने सोडली. बदल्यात स्वतःचे सरकार, कायदे करण्याचा अधिकार आणि नास नदीतील मासळीचा ठरलेला वाटा मिळवला. आजोबांना तर समोर बसून कोणी काही विचारलेही नव्हते. नोटीस आली, इतकेच.

ते गृहस्थ मनाने वाईट नाहीत. मी इथे नवा असताना त्यांनीच मला घर शोधून दिले होते. त्यांच्या पुण्यातील सोसायटीचा पुनर्विकासाचा करार कित्येक वर्षे अडला आहे. त्यातील प्रत्येक कलमावर ते स्वतः वकिलाचे मत मागवतात, आणि ते योग्यच करतात.