रिश्टरचा आकडा सगळं सांगत नाही

भूकंपांवरच्या तुमच्या लेखात हानीचा सगळा हिशोब रिश्टरच्या आकड्यावर मांडलाय, ते पटलं नाही. 2010 साली चिलीत 8.8 चा भूकंप झाला, 500 च्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी हैतीत 7.0 चा झाला आणि मृतांचा आकडा लाखाच्या घरात. हैतीत केंद्र राजधानीच्या अगदी जवळ, उथळ, आणि बांधकामं कच्ची.

आपलं किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993. विसर्जन आटोपून गावं गाढ झोपलेली, पहाटे चारच्या सुमारास धक्का. तीव्रता 6.2 च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. पण दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं. सुमारे 10,000 माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली हो!

मुंबईकरांनी मात्र 2001 च्या भुजकडे बघावं. 200 किलोमीटरहून लांब अहमदाबादेत इमारती कोसळल्या. त्यातल्या कित्येकांच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब, भिंतीच नाहीत. मुंबई भूकंपाच्या झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते आणि अशा इमारती इथे गल्लोगल्ली आहेत.

आमचीही त्यातलीच, 34 वर्षांची. परवा पार्किंगमधल्या खांबाचा फुगलेला गिलावा अंगठ्याने दाबला तर खपली हातात आली, आत सळईचे गंजून पापुद्रे सुटलेले. कमिटी म्हणते, दिवाळीआधी रंगकाम काढू. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कायद्याने बंधनकारक आहे. रंगाआधी ते करून घ्या, हे मी येत्या सभेत लेखी देणार आहे.