साडेसदतीस

गेला आठवडाभर गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरात कुणालाही ताप नव्हता, तरी थर्मामीटर खाली ठेवायला मला उसंत नव्हती.

कारण कोंबडी. आमची जुनी गावठी दरवर्षी खुडूक बसायची, २१ दिवस जागची हलायची नाही आणि पुढचं सगळं आपोआप व्हायचं. यंदा मे महिन्यात तिला मुंगसाने नेलं. लेक दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "रडू नकोस. आपण घरीच इनक्युबेटर करू." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मागच्या वर्षी मी घरीच सोलर हीटर करणार होतो.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार गाठला. कोंबडा नसलेल्या खुराड्यातलं अंडं महिनाभर उबवलं तरी त्यातून पिल्लू निघत नाही, तेव्हा खात्री करून घेणं भाग होतं. टोपलीत तूस घालून अंडी मांडलेल्या मावशीला मी विचारलं, "मावशे, हीं कोंब्याचीं तांतयां मगो?" तांतयां म्हणजे अंडी.

"तांतयां कोंबी घालता रे पुता, कोंबो न्हय!"

शेजारची भाजीवाली इतकी हसली की तिची तांबड्या भाजीची जुडी गटारात पडली. मी मुकाट्याने डझनभर अंडी घेतली. उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जास्त ठेवली की दिवसागणिक त्यांच्यातला जीव कमी होत जातो. म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत इनक्युबेटरची पेटी तयार हवी. घरी आल्या आल्या बायकोने अंडी नळाखाली धरली, ती मी झडप घालून ओढली. अंड्यावर एक नैसर्गिक लेप असतो, धुतलं की तो जातो आणि जंतूंना आत वाट मिळते. "म्हणजे शेण लागलेली अंडी माझ्या ओट्यावर राहणार?" तिने विचारलं. शेवटी अंडी माठामागच्या गारव्याला गेली, टोक खाली करून.

पेटी फुकट मिळाली. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी, त्यामुळे मासळी बाजारात थर्मोकोलच्या पेट्या रिकाम्या पडलेल्या असतात. एक उचलून आणली, साबणाने धुतली, लिंबू चोळलं, पावसाच्या दोन उन्हांत वाळवली. नाक लावून पाहिलं, काही नाही. पण थंड थर्मोकोल आणि तापलेला थर्मोकोल या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आत बल्ब बसवला. नऊ वॅटचा एलईडी. चार तासांनी पेटीत झगझगीत उजेड होता आणि तापमान २९. एलईडी उष्णतेत फारशी वीज घालवत नाही, हा त्याचा गुण इथे दुर्गुण ठरला. मग जुना, तारेचा, चाळीस वॅटचा बल्ब शोधत डिचोली पालथी घातली. तिसऱ्या दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकत एक काढून दिला आणि म्हणाला, "गिऱ्हायक येयत म्हण दवरिल्लो."

तापमान पाहून बल्ब आपोआप चालू-बंद करणारं थर्मोस्टॅटचं मॉड्यूल नखाएवढ्या तीन बटणांचं. अंड्यांना हवं ते ३७.५ लावलं. पुढे त्याने 'सी' की 'एच' असं विचारलं. मी शिकला सवरलेला माणूस, सेल्सिअसच निवडणार. बल्ब पेटेना. वायरी उलटसुलट केल्या, भाच्याला दोनदा फोन केला. शेवटी वैतागून सेन्सर चहाच्या कपाला टेकवला, तर बल्ब भक्कन पेटला! आनंदाने सेन्सर पेटीत सोडला, झाकण लावलं आणि जेवायला बसलो.

आमटीभात संपेपर्यंत घरभर बांगडा भाजल्याचा वास सुटला. बायको स्वयंपाकघरात धावली, मी पेटीकडे. आकडा ५२. 'सी' म्हणजे कूलिंग. माझी पेटी तापली की आणखी तापवायची अशी व्यवस्था मी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. लेकीने शांतपणे 'एच' केलं. खिडकीत तोवर दोन मांजरी आणि एक बोका हजर.

मग आकड्याची खातरजमा. कोमट पाण्याच्या पेल्यात सेन्सर आणि आईचा ताप मोजायचा थर्मामीटर एकत्र बुडवले. आई कॉटवरून म्हणाली, "कोणाला रे ताप?"

"अंड्यांना. साडेनव्व्याण्णव हवाय."

"एवढ्या तापाला मी तुला शाळेत धाडायची."

तिचा थर्मामीटर साडेनव्व्याण्णव दाखवत होता, म्हणजे ३७.५, माझं मॉड्यूल ३६.६. एका अंशाच्या आतला फरक, पण २१ दिवस असाच राहिला तर पिल्लांचा घात. तेवढा मॉड्यूलमध्ये भरून काढला. आर्द्रतेच्या मीटरची परीक्षा मिठाने घेतात: बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, मीटरसह ते हवाबंद डब्यात, रात्रभर. सकाळी बरोबर ७५ दिसायला हवेत. "आगरातलं देऊ की पुडीतलं?" बायकोने विचारलं, आणि हा प्रश्न मात्र खरोखर शास्त्रीय होता, कारण आगरातल्या, म्हणजे मिठागरातल्या, मिठात इतर क्षार असतात, आकडा बिघडतो. पुडीतलं घेतलं. मीटर ६८ दाखवत होता, म्हणजे यापुढे त्यात सात मिळवून वाचायचं.

पेटीत पाण्याची वाटी ठेवा, असं सगळे सांगतात. ठेवली. आकडा ७८ वर गेला आणि झाकणाची काच घामेजली. अति दमटपणात अंड्यातलं पाणी उडत नाही, आतली हवेची जागा वाढत नाही, पिल्लू कवच फोडायच्या वेळेस आतच गुदमरतं. वाटी काढली. सात मिळवून आकडा ५० वर स्थिरावला. बाहेर आषाढातली ८५ टक्के ओली हवा, पण तीच ३७.५ पर्यंत तापली की तिचे पन्नास होतात. शेवटचे तीन दिवस मात्र वाटी लागणारच.

अंडी घालण्याआधी पेटी चोवीस तास रिकामी चालवून पाहायची असते. बुधवारी रात्री सुरू केली, गुरुवारी रात्री जांभळाची फांदी तारेवर पडली. गोधडीत पेटी गुंडाळली, आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या. मेणबत्तीच्या उजेडात दर दहा मिनिटांनी आकडा वाचत होतो. पहाटे दिवे आले, तेव्हा तो ३४ होता. पुन्हा पहिल्यापासून चोवीस तास मोजायचे, तर शुक्रवार हातचा जाणार. मी दिवसभराच्याच चाचणीवर भागवलं.

शुक्रवारी संध्याकाळी पेन्सिलने एका बाजूला फुली, एका बाजूला गोळा काढत अंडी मांडली. दिवसातून तीन वेळा उलटायची, १८ व्या दिवसापर्यंत. अकराच भरली. बाराव्याचा छडा बायकोच्या डब्यातल्या ऑम्लेटपाशी लागला. आई पेटीत डोकावली, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "श्रावणात फुटतील. म्हणजे चवथीपर्यंत तरी वाचली मेली."

गार अंडी आत गेल्याबरोबर आकडा ३३ वर आला. हात बटणाकडे गेला, तो बायकोने वरच्या वर धरला. "शिवू नका. चढेल तो." मी स्टूल ओढून पेटीशेजारी बसलो. ३४. ३५. रात्री एकला बायको पाण्याला उठली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही आता उठणार की मी खाली गवत घालू?"

टक्. बल्ब विझला. ३७.५. खोलीत पुन्हा बांगड्याचा मंद वास, आणि गजांपलीकडे बोका, पाय पोटाखाली घेऊन, पेटीवर नजर लावून बसलेला.