विशेष शिक्षक व्हा, पुण्य कमवा (पगाराचं नंतर बघू)

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि ३८ बॉक्स परत आले. रंगवलेल्या पणत्यांचे. सोबत एका ओळीची चिठ्ठी: 'फिनिशिंग नीट नाही.' परत पाठवणाऱ्या कंपनीचं नाव सांगत नाही. दरवर्षी नाव वेगळं आणि चिठ्ठी तीच असते. आमच्या कर्मशाळेच्या, म्हणजे दिव्यांग प्रौढांना काम शिकवणाऱ्या जागेच्या, कपाटात ते बॉक्स रचून ठेवताना वाटलं, या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण मंडळींना कोणीतरी नीट मार्गदर्शन करायला हवं. करिअर मेळाव्यात आपला स्टॉल जिन्याखाली असतो आणि तिथे फक्त पत्रकं वाटतात.

तर आधी पेशन्स कमवा. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं आणि तुम्ही "बौद्धिक अक्षम मुलांना शिकवते" म्हणालात, की समोरच्या मावशी मान तिरकी करून म्हणणार, "बाई गं! किती पेशन्स लागत असेल!" लगेच पुढचं वाक्य, "पुण्याचं काम आहे हो." तिथे फक्त हसायचं. दोन वर्षांचं डी.एड. किंवा बी.एड. केलंय, सराव पाठ झालेत, वर्तन समस्येची नोंद कशी ठेवायची ते शिकलोय, हे सांगायच्या फंदात पडू नका. पुण्याला पदवी लागत नाही. सरकारला मात्र लागते. आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. म्हणजे नुसत्या पेशन्सवर पुण्य करणारा आत जाऊ शकतो. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, त्यासाठी सीआरईचे, म्हणजे सेवेतल्या उजळणी प्रशिक्षणांचे, पॉइंट जमवायचे. फी तुमची, एसटीचं भाडं तुमचं, रजाही तुमचीच.

एकाच पदवीत सगळं येतं असं समजून चाला. तुमचं बी.एड. बौद्धिक अक्षमतेचं असो नाहीतर श्रवणदोषाचं. मुख्याध्यापकांच्या लेखी तुम्ही 'स्पेशल'. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. शिक्षक तोच राहिला. सकाळी ब्रेल, दुपारी सांकेतिक भाषा, मधल्या सुट्टीत फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवणं. डॉक्टरला कोणी 'तुम्ही दातांचे ना, मग जरा मोतीबिंदू पण काढा' म्हणत नाही. आपल्याला म्हणतात.

कंत्राट या शब्दावर प्रेम करा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, निदान पदं तरी जाहीर करा. तोवर तुम्ही कंत्राटावर, आसपासच्या दहा-बारा शाळा दुचाकीवरून फिरा. ज्या मुलाला सोमवारी बटण लावायला शिकवलंत, त्याची पुढची भेट तीन आठवड्यांनी. तोवर आजीने बटणांच्या जागी वेलक्रो शिवलेलं असतं.



३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, केळी घेऊन येणाऱ्यांना नाही म्हणू नका. ४ डिसेंबरला कोणी येत नसतं.

वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, म्हणजे आयईपी, लिहायला शिका, पण वाचायला नको. मुलाला काय येतं ते तपासायची एमडीपीएसची चेकलिस्ट १८ क्षेत्रांची, प्रत्येकात २० कौशल्यं, म्हणजे एका मुलाला ३६० खुणा. वर्गात १२ मुलं असतील तर गुणाकार करा. तपासणीला येणारे साहेब फाईलचा रंग बघतात, कव्हर घातलंय का बघतात आणि निघतात. त्यामुळे उद्दिष्ट लिहिताना 'विद्यार्थ्यास पैशांची ओळख होईल' असं छान गोल लिहावं. हे वाक्य कोणत्याही मुलाला, कोणत्याही वर्षी चालतं. उगाच 'दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा समोर ठेवल्यावर सांगितलेली नोट मदतीशिवाय उचलून देईल, पाचपैकी चार वेळा, सलग तीन दिवस' असं लिहू नका. तसं लिहिलं की तीन दिवस खरंच बघावं लागतं. शिवाय आलं नाही तर आपली पद्धत बदलावी लागते, आणि त्याला फाईलमध्ये रकाना नाही.

आता व्यवसाय शिक्षण. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण कपाटातले ३८ बॉक्स समोर दिसतायत.

पहिला नियम: बाजार बघू नका. शाळांत पांढरे फळे येऊन जमाना झाला, तरी खडूचे साचे फेकू नका. ऑफिसं कागद सोडत चालली, तरी फाईल शिवत राहा. आणि दिवाळी आली की पणती. आमच्या क्षेत्रात अठरा वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक माणूस जन्मजात पणती-रंगारी असतो, ही सर्वमान्य समजूत आहे. कुणाला केर काढायला आवडतं, कुणाला कुत्र्यांना खाऊ घालायला आवडतं, कुणी झेरॉक्सच्या दुकानात तास न् तास कागदाचे गठ्ठे सरळ करेल. असू दे. पणती.

आणि पणती म्हणजे काय, ब्रश बुडवला आणि फिरवला! कच्च्या पणत्या रात्रभर पाण्यात घालायच्या, म्हणजे धूळ सुटते आणि तडा गेलेली कळते. मग सावलीत पूर्ण वाळवायच्या. आत ओल राहिली तर रंगाचे पापुद्रे निघतात. मग प्रायमरचा एक हात. तो वाचवायला गेलात तर माती रंग पिते आणि डबा दुप्पट लागतो. मग तळरंग, मग कडेची रेघ, मग ठिपके, मग वात आणि मेण. मेण तापवायचं ते उकळत्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून, आणि ते काम निदेशकाचंच, म्हणजे शिकवणाऱ्याचंच. थंड होताना मेण मध्ये खचतं, म्हणून थोड्या वेळाने वरून पुन्हा ओतायचं. ऑक्टोबरच्या दमट हवेत वरचा रंग सुकल्यासारखा दिसतो. घाईने एकावर एक ठेवल्यात तर एकीची नक्षी दुसरीच्या बुडाला.

हे झालं पणतीचं. आता माणसाचं. ज्याचा एक हात साथ देत नाही त्याच्यासाठी जाड पुठ्ठ्याला पणतीच्या बुडाएवढं भोक पाडायचं, पुठ्ठा टेबलाला चिकटवायचा, पणती त्यात बसवायची. आता एका हाताने ब्रश चालतो. ठिपके ब्रशने काढायला लावू नका, पेन्सिलच्या मागचं रबर रंगात टेकवा, सगळे सारख्या मापाचे येतात. ज्याला चारपर्यंत मोजता येत नाही त्याला मोजायला शिकवत बसू नका. अंड्यांच्या ट्रेचे चार-चार खळग्यांचे तुकडे कापून द्या. प्रत्येक खळग्यात एक, खळगा रिकामा दिसला नाही की बॉक्स तयार. शिकवताना सुरुवात शेवटाकडून. आधी फक्त झाकण लावायला द्या. झाकण लागलं की काम पुरं झालं, आणि ते त्याच्या हाताने झालं. मग त्याच्या आधीची पायरी, मग तिच्या आधीची. हात धरून, मग मनगट धरून, मग कोपराला नुसतं बोट लावून, मग फक्त बोट दाखवून, मग काहीच नाही. आणि तोंड बंद ठेवा! "आता घे, आता ठेव, शाब्बास, आता दुसरी" हे एकदा सुरू झालं की तो पणतीकडे बघत नाही, तुमच्या आवाजाची वाट बघतो. हाताची मदत कमी करता येते, तोंडाची सवय मोडता मोडत नाही.

अशी एक पायरी बसायला कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला तीन महिने. म्हणून हे काम जुलैत सुरू होतं.

आणि फोन येतो दिवाळीला नऊ दिवस असताना. पाचशे बॉक्स. बॉक्सात चार, म्हणजे दोन हजार पणत्या. हिशोब करा. तळरंगावर सहा जण बसतात, जेवण-प्रार्थना-स्वच्छतागृह वजा जाता एकेकाच्या दिवसाला तीस होतात. एकशे ऐंशी. नुसता तळरंग अकरा दिवसांहून जास्त. तुमच्याकडे नऊ, त्यात रविवार. त्यात तिसऱ्या दिवशी मेल, "मरून ऐवजी टील करता येईल का? ब्रँडिंगला जातं." येईल ना! ज्याने दोन महिने मरून बाटली उचलायचं शिकलंय, तो स्वमग्न माणूस निळसर-हिरवी टील बाटली बघून दोन्ही कान झाकून टेबलाखाली बसेल, तेवढं तुमच्या ब्रँडिंगला जातंय का बघा.

बॉक्सचा भाव ८० रुपये सांगितला तर उत्तर ५५. चार कच्च्या पणत्या १२, प्रायमर आणि रंग ८, मेण-वात १०, खिडकीचा बॉक्स १८, स्टिकर २. पन्नास झाले. उरलेल्या पाच रुपयांत टेम्पो आणि चौदा जणांचं मानधन. "मुलांनीच केलंय ना, मग लेबर कुठे?" हे वाक्य ज्या तोंडातून येतं, त्याच तोंडातून दोन मिनिटांनी 'सक्षमीकरण' येतं.

मग दोन हजार पणत्या होतात कशा? सांगते. ऑर्डर घेतली जाते, कारण संस्थेला वीजबिल असतं. निदेशक बाई पोती भरून पणत्या घरी नेतात. त्या, त्यांचे मिस्टर, नववीतली मुलगी, शेजारच्या काकू, रात्री एक-एक वाजेपर्यंत. सुबक होतात. आणि ज्यांच्यासाठी ही कर्मशाळा आहे ते प्रशिक्षणार्थी ते नऊ दिवस कोपऱ्यात बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालतात, कारण "आत्ता नको रे, खराब होईल." जुलैपासून चढवलेल्या पायऱ्या त्या नऊ दिवसांत उतरतात. बॉक्सवर स्टिकर लागतो, 'आमच्या दिव्यांग मुलांनी प्रेमाने बनवलेले.'

या ५०० बॉक्सांत ४० बॉक्स मात्र खरोखर प्रशिक्षणार्थ्यांनी केले होते. पहिल्या पणतीपासून झाकणापर्यंत. ठिपके एका ओळीत नव्हते, दोन ठिकाणी रंग कडेवरून आत गेला होता. त्यातले ३८ परत आले आहेत.

दोन राहिले कसे, कळत नाही. बहुतेक कोणी उघडले नसतील.

आता सल्ले पुरे. ऑर्डर देणाऱ्यांशी सरळ बोलते.

तुम्हाला त्यांच्या हातचं नको आहे. तुम्हाला त्यांचं नाव हवं आहे आणि वस्तू मशीनची हवी आहे. मग मशीनकडून घ्या. ज्याला तुम्ही फोटोत 'हा गोड मुलगा' म्हणून गालाला हात लावलात तो ३४ वर्षांचा आहे. त्याला दाढी आहे, मतदार ओळखपत्र आहे आणि अनोळखी माणसाने गालाला हात लावलेला आवडत नाही. त्याने ते हात झटकून सांगितलंही होतं. तुम्ही हसलात.

आणि तुमच्या ऑफिसात तो का नाही? पॅन्ट्रीत कप मोजून ठेवणं, टपाल मजल्यांप्रमाणे लावणं, गिफ्ट पॅक करणं, ही कामं तिथे आहेत आणि ती त्याला येतात. नोकरी सुटते ती कामामुळे क्वचितच. ती सुटते मधल्या सुट्टीत. कुठे बसायचं, कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही, मॅडमना दिवसात किती वेळा 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, हे कळत नाही म्हणून. ते शिकवायला पहिले दोन-तीन महिने एक प्रशिक्षक त्याच्यासोबत तिथे उभा राहावा लागतो आणि मग हळूहळू मागे सरकावा लागतो. त्याचा पगार कोण देणार असं विचारलं की सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी वाटणारे, म्हणतात, मनुष्यबळावर खर्च बसत नाही, बाकं मागा. बाकं आहेत हो. गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची, पाठीवर लोगो असलेली. बसवायला माणसं आहेत, शिकवायला नाहीत.

पुण्याचं काम म्हणणाऱ्या सगळ्यांनी एकदा किराणा दुकानात पुण्य देऊन पाच किलो तांदूळ आणून दाखवावा.

पुढच्या वर्षी पणत्या हव्या असतील तर ऑर्डर जुलैत द्या. रंग तेव्हाच ठरवा, नंतर बदलणार नाही. निम्मे पैसे आगाऊ. भाव ८०. ठिपके वाकडे येतील. परत घेतले जाणार नाहीत. फोटो ज्याचा काढायचा त्याला विचारून; तो नाही म्हणाला तर नाही. आणि भेटीला साडेबारा ते एक या वेळेत येऊ नका, तेव्हा जेवण असतं.