पेन्सिल टोकावर उभी राहत नाही, मान्य. पुढे?

गेल्या गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास मामांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर तीन लाल दिवे, "डोळे उघडा" आणि खाली सात मुद्दे. सांगणं एवढंच, की रॉकेट उभ्याचं उभं खाली येतं आणि पायांवर उतरतं हे सगळं थोतांड आहे; तसं यंत्र असूच शकत नाही, म्हणून चंद्रावरचं उतरणंही खोटं.

एरवी मी अशा गोष्टींच्या वाटेला जात नाही. मामांचे गुडघेदुखीवरचे काढे मी वर्षानुवर्षं मुकाट्याने वाचत आले आहे. पण शुक्रवारी सकाळी आठवीतल्या भाचीचा फोन आला. "मावशी, माझ्या प्रकल्पाचा विषय बदलू का गं? बाबा म्हणतात ते सगळं खोटं आहे, शाळेत हसं होईल." तीन आठवडे खपून पोरीने पुठ्ठ्याचं यान केलंय, चार पायांचं. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी सतरा वर्षं कारखान्यात कंट्रोल सिस्टिमचं काम करते. यंत्र डगमगू नये हे बघण्याचाच मला पगार मिळतो.

पहिला मुद्दा: "उड्डाणाचा व्हिडिओ उलटा चालवलाय, नाहीतर कॉम्प्युटरवर बनवलाय." आधी दोन्हीतलं काय ते एक ठरवा. उलटा चालवला असता तर धूर इंजिनात परत शिरताना दिसला असता. आणि ही करामत कालपरवाची नाही. 18 ऑगस्ट 1993 रोजी न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे डीसी-एक्स नावाचं यान असंच उडालं. मॅकडोनेल डग्लस कंपनीने बांधलेलं, साधारण 12 मीटर उंच, शंकूच्या आकाराचं. सुमारे 46 मीटर वर गेलं, हवेत थांबलं, बाजूला शंभरेक मीटर सरकलं आणि चार पायांवर उतरलं. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नाही. त्यात खास घडवलेलं सामान फार कमी. दिशा सांगणारी यंत्रणा एफ-15 लढाऊ विमानातली, आणि काही बिजागऱ्या तर साध्या हार्डवेअरच्या दुकानातल्या.

आता मुख्य मुद्दा, त्यांच्याच शब्दांत: "पेन्सिल टोकावर उभी करून दाखवा. नाही जमत ना? मग चाळीस मीटरचं रॉकेट आगीच्या टोकावर कसं उभं राहील? मुलांच्या विज्ञानाच्या सरांना विचारा, बघा कशी ततपप होते."

सरांना कशाला, मला विचारा.

आधी खरं ते मान्य करते. रॉकेट स्वतःहून सरळ राहत नाही. इंजिन पेटवून बाकी सगळं बंद ठेवलं तर ते भरकटणारच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एवढं एक कळलंय आणि तेवढ्यावरच तो थांबलाय.

शनिवारी मी भाचीला गच्चीवर नेलं. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात जळमटं काढायची लांब काठी, ब्रशचं टोक वर. पेन्सिल तळहातावर धरून सोडली की कळायच्या आत खाली. काठी मात्र तिसऱ्या प्रयत्नात तिने अर्धा मिनिट तोलली. नजर काठीच्या शेंड्यावर ठेवायची, शेंडा जिकडे कलेल तिकडे तळहात न्यायचा. लांब वस्तू सावकाश पडते. पडायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या पेन्सिलपेक्षा चाळीस मीटरच्या खांबाला सोळापट वेळ लागतो. "एवढं उंच आहे म्हणून पडेल" हा तर्क मुळातच उलटा आहे. उंच आहे म्हणूनच सावरायला सवड मिळते. माणसाच्या हाताला काठी जमते, पेन्सिल जमत नाही, कारण आपला हात तेवढा चपळ नाही. रॉकेटमधला संगणक सेकंदाला कितीतरी वेळा कल मोजतो आणि तितक्याच वेळा हुकूम सोडतो.

पण काठीची उपमाही पुरती खरी नाही, आणि इथे भले भले चुकतात. रॉकेट आगीच्या टोकावर टेकलेलं नसतं. तळहात काठीला नेहमी वर ढकलतो, म्हणून काठी कलली की तिचं वजन तिला आणखी पाडतं. रॉकेट कललं की त्याचं इंजिनही त्याच्याबरोबर कलतं. जोर अजूनही गुरुत्वमध्यातूनच जातो. म्हणजे वजन त्याला पाडतही नाही आणि सरळही करत नाही. ते तिरकं झालं की तिरकंच बाजूला सरकत जातं. रॉबर्ट गोडार्डसारख्या माणसालाही हे आधी उमगलं नव्हतं. 16 मार्च 1926 रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये त्याने द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं तेव्हा इंजिन वर आणि टाक्या खाली लोंबकळत ठेवल्या होत्या. लंबकासारखं आपोआप सरळ राहील असा हिशेब. रॉकेट अडीच सेकंदांत साडेबारा मीटर चढलं आणि छप्पन्न मीटर लांब जाऊन पडलं. पुढे त्याने इंजिन खाली आणलं आणि सरळ ठेवायचं काम कल ओळखणाऱ्या जायरोस्कोपवर सोपवलं.

आजही तेच चालतं. जायरोस्कोप सांगतो किती कललो, किती वेगाने कलतोय. संगणक इंजिनाचं नोझल, म्हणजे आग बाहेर पडते ते तोंड, काही अंशांनी फिरवतो, डीसी-एक्सची इंजिनं आठ अंशांपर्यंत फिरत. जोराची दिशा बदलली की यान वळतं. गंमत इथे आहे: यान पश्चिमेला न्यायचं असेल तर आधी त्याचा शेंडा पश्चिमेला कलवावा लागतो, आणि त्यासाठी बूड पूर्वेला ढकलावं लागतं. म्हणजे क्षणभर अख्खं यान पूर्वेलाच सरकतं! भाचीने काठी पुढे न्यायच्या आधी हात नकळत मागे घेतला होता, ते हेच. आमच्या कामात अशा यंत्रांना सगळे वचकून असतात, कारण उतावळेपणा केला की ती हेलकावे घेत सुटतात. वर टाक्यांमधलं इंधन डचमळतं ते वेगळंच. त्यासाठी आत आडव्या पट्ट्या बसवतात. कठीण आहे, अशक्य नाही.

"खरं असतं तर आधी हवेत थांबून मग हळू उतरलं असतं." डीसी-एक्स थांबत होतंच. स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन 9 थांबत नाही, कारण त्याला थांबताच येत नाही. टाक्या रिकाम्या झाल्यावर ते इतकं हलकं होतं, की नऊपैकी एकच इंजिन कमीत कमी जोरावर चालवलं तरी तो जोर वजनापेक्षा जास्त भरतो. थांबायला गेलं तर पुन्हा वर जाईल. म्हणून वेग शून्य व्हायचा तो बरोबर जमिनीला पाय लागताना.

"आग जमिनीला ढकलते म्हणून तरंगतं." मग डीसी-एक्सची सुधारित आवृत्ती, डीसी-एक्सए, जून 1996 मध्ये 3,140 मीटरवर कुणाला ढकलत होती?

"उतरताना ऐन वेळी कॅमेरा बंद होतो आणि अपघात लपवतात." यातलं पाव खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. समुद्रातल्या तराफ्यावर रॉकेट उतरतं तेव्हा तराफा हादरतो, उपग्रहाशी जुळवलेला अँटेना हलतो आणि चित्र तुटतं. आणि डिसेंबर 2018 मध्ये स्पेसएक्सने थेट प्रक्षेपणातलं दृश्य खरोखरच बदललं होतं. जाळीदार पंख फिरवणारा हायड्रॉलिक पंप अडकला आणि रॉकेट स्वतःभोवती गरगरायला लागलं. पण त्याच दिवशी मालकाने तो सगळा व्हिडिओ जगाला दाखवला. इंजिनाने गिरकी आवरली, रॉकेट किनाऱ्याजवळ समुद्रात उभं टेकलं आणि मग आडवं झालं. लपवायचं असतं तर 2017 मध्ये कंपनीने स्वतःच्या फजितीच्या स्फोटांची चित्रफीत बँडच्या संगीतावर काढली नसती.

अपघातच बघायचे असतील तर नासाने डीसी-एक्सएबद्दल काय शोधून काढलं ते बघा. माझ्यापुरता हा एक दाखला बाकीच्या सगळ्यांवर भारी आहे. 31 जुलै 1996. यान उडालं, ठरल्याप्रमाणे फिरलं, सरळ खाली आलं. सगळा तोल संगणकाने सांभाळला. उतरायच्या वेळी चारपैकी तीन पाय उघडले, चौथा उघडलाच नाही. यान टेकलं, इंजिन बंद झालं, मग ते सावकाश कललं आणि आडवं पडलं. प्राणवायूची टाकी फुटली, यान जळालं. चौकशीत काय निघालं? पाय उघडायला दाबाखालचा वायू ज्या नळीतून जातो, ती नळी जोडायचीच राहिली होती. उड्डाणाआधी सोडवली, परत लावली नाही. बस्स. हवेत तोल सांभाळण्याचं जे काम फॉरवर्डवाले अशक्य म्हणतात ते चोख झालं, आणि घात झाला तो फिटरच्या पान्याच्या एका फेऱ्याचा. कारस्थान करणारे स्वतःची इतकी लाजिरवाणी चूक लिहून ठेवतात का?

"नील आर्मस्ट्राँगला पृथ्वीवरही जमलं नाही, तो पडला." 6 मे 1968, ह्यूस्टनजवळचं एलिंग्टन. चंद्रावर उतरण्याच्या सरावाचं यान, लोखंडी खाटेला इंजिन लावल्यासारखं दिसणारं. मधलं जेट इंजिन वजनाचा पाच षष्ठांश भाग पेलायचं, उरलेलं रॉकेट, म्हणजे चालवणाऱ्याला चंद्रासारखं वाटावं. तोल सांभाळणाऱ्या छोट्या थ्रस्टरना, म्हणजे बाजूंना झोत सोडणाऱ्या छोट्या रॉकेटांना, इंधन ढकलणारा हेलियमचा दाब संपला. थ्रस्टर मुके झाले, यान कलंडलं, आर्मस्ट्राँग आसनासकट बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने उतरला. पाच यानांपैकी तीन अशी गेली. धोका होताच, नाकारत नाही. पण दाब संपल्यावर यान पडलं, यावरून दाब असतानाही पडेल असं कसं ठरतं? स्कूटरचं पेट्रोल संपलं म्हणून स्कूटर नावाची वस्तूच नसते?

आणि शेवटचा मुद्दा, ज्याने मला खरा राग आला: "आपलं विक्रम 2019 मध्ये पडलं, कारण असं उतरणं शक्यच नाही, 2023 मध्ये स्टुडिओत शूटिंग केलं." चार वर्षं झटलेल्या माणसांच्या तोंडावर मारलेली ही चपराक आहे. 2019 मध्ये काय चुकलं ते इस्रोच्या अध्यक्षांनी 2023 मध्ये जाहीर सांगितलं. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, यानाला झटपट वळायची गरज पडली तेव्हा सॉफ्टवेअरने वळण्याचा वेग रोखून धरला, आणि उतरायची जागाही फक्त 500 मीटर बाय 500 मीटरची. पुढच्या वेळी जागा 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, पाचाऐवजी चार इंजिनं ठेवली. 23 ऑगस्ट 2023 ला विक्रम उतरलं. 3 सप्टेंबरला त्याने इंजिनं पुन्हा पेटवून चाळीसेक सेंटिमीटर उडी मारली आणि शेजारीच परत उभं राहिलं. वीतभर उंचीची नव्हे, दोन वितींची उडी, पण चंद्रावर.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. कुणी अंगठा दाखवला, कुणी "छान माहिती" लिहिलं, म्हणजे वाचलं नाही. मामांनी फॉरवर्ड अजून काढलेला नाही. पण रात्री त्यांचा फोन आला. आयुष्य फिटर म्हणून काढलेला माणूस. "अगं, ती नळी सोडवली तेव्हा तिथे लाल टॅग लावला नव्हता का कुणी? आणि उडवायच्या आधी सुपरवायझरने हात फिरवून बघायचं असतं की नाही?" वीस मिनिटं नळीवरच बोलत होते.

भाचीने विषय बदललेला नाही. पुठ्ठ्याच्या यानाचा एक पाय तिने कापून सुटा केलाय, उघडणारा आणि न उघडणारा असे दोन्ही प्रकार दाखवायला. त्यासाठी लागणारी छोटी बिजागरी मामा रविवारी घेऊन येणार आहेत.