पावसाळ्यात सायकलवाल्यांच्या डोक्यात काय चालतं

जुलै-ऑगस्टमध्ये सायकलवाल्याला गाडीत बसवून पसरणी घाटातून न्या. बाकीचे धबधबे बघतात, हा चढ बघतो. एसटीने गिअर कुठे पाडला, गवत कोणत्या बाजूला झुकलंय म्हणजे वारा कुठून येतोय, कडेला डांबर किती शिल्लक आहे. घरचे म्हणतात, याच्या डोक्यात सायकल शिरलीय. शिरू दे! पावसाळ्यातले हे विचार म्हणजेसुद्धा सायकलिंगच, असं माझं ठाम मत आहे. त्यातले दोन प्रकार मला पटत नाहीत.

पहिला ग्रॅमचा, म्हणजे सायकलचं वजन कमी करण्याचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी सॅडल चढते, मग बॉटल केज, मग पंक्चर किट. काटा हलला की खरेदीची यादी तयार. पण हिशोब करून बघा. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. अर्धा किलो कमी केलं, म्हणजे ०.६ टक्के. तासाभराच्या चढावर वीसेक सेकंद वाचले. सपाटीवर तेवढेही नाहीत. एवढ्यासाठी लोक हजारो रुपये घालतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याच पैशात चांगला पुढचा दिवा आणि चांगले टायर येतात.

दुसरा विचार भीतीचा. दोन आठवडे सायकल बंद, म्हणजे पाय गेले! नाही गेले. खंड पडला की आधी कमी होतं ते रक्तातलं पाणी, म्हणून पहिल्या राईडला दम लागतो. सराव सुरू झाला की ते लवकर भरून निघतं. युरोपातले व्यावसायिक सायकलपटू ऑक्टोबरात लोम्बार्डीची शर्यत झाली की काही आठवडे सायकल बाजूला ठेवतात. त्यांना थंडी थांबवते, आपल्याला पाऊस. चेन पुसून तेल लावून ठेवा, नाहीतर चार दिवसांत नारिंगी गंज धरतो. बाकी शांत झोपा.

आता माझा लाडका विचार. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड. त्यांचा सीझन १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. एकाच सीझनमध्ये चारही झाल्या की ‘सुपर रँडोनिअर’ हा किताब. रात्री पाऊस कोसळत असताना मी ६०० चा हिशोब मांडत पडतो. चालतीचा वेग ताशी २० धरला तर ३० तास सायकलवर, उरले १०. त्यातच जेवण, चहा, पंक्चर, कंट्रोलवरचे (वाटेतल्या तपासणी नाक्यांवरचे) शिक्के आणि झोप. पंक्चरला अर्धा तास गेला तर तो कशातून काढायचा? जेवणातून की झोपेतून? मी म्हणतो, झोपेला हात लावू नका. पहाटे तीनला डोळे मिटत असताना हायवेवर सायकल हाकणं ही मर्दुमकी नाही, तो जिवाशी खेळ आहे.

आणि गिअर. घाटात सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पुढच्या दातेरी चक्राला ३४ दात, मागे सगळ्यात मोठं चक्र २८ चं, तर मिनिटाला ६० पेडल मारताना वेग ताशी नऊच्या वर ठेवावा लागतो. मागे ३४ लावलं तर साडेसात-आठवर भागतं. पाय दमलेले असताना दहा टक्क्यांच्या चढावर हा फरक म्हणजे सायकलवर राहणं की उतरून ढकलणं. मोठं कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) नवशिक्यांचं, असं काही जुनेजाणते म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. गुडघे आपले आहेत.

माझं ११-३४ ठरलंय, म्हणजे मागचं सगळ्यात लहान चक्र ११ दातांचं, सगळ्यात मोठं ३४ चं. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ पेलतो का ते तपासायचंय, चेनही लांब घ्यावी लागेल. दसऱ्याच्या आत बसवून पहिली चाचणी सिंहगडावर. कोणी ११-२८ वरून असा बदल केला असेल तर डिरेलर बदलावा लागला का, तेवढं सांगा.